तिजोरी एक, चाव्या दोन

वाचकांचे प्रश्न : कामाच्या ठिकाणचे वाद

प्रश्न : मी एका नागरी सहकारी पतसंस्थेच्या तालुक्याच्या गावातील शाखेचा शाखाधिकारी आहे. शाखेत आम्ही सात जण आहोत. आमच्या रोखपाल ताई आणि कर्ज विभाग पाहणारे ज्येष्ठ लिपिक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, या दोघांचे गेले चार महिने बोलणे बंद आहे. एके सायंकाळी रोख मोजताना पाचशे रुपये कमी भरले. ताईंनी ते पदरचे घातले आणि ‘व्हाउचर वेळेवर आली असती तर ही पाळी आली नसती’ असे त्या सर्वांसमक्ष म्हणाल्या. त्यावर ‘मला इथे बावीस वर्षे झाली, मला कोणी शिकवायला नको’ असे म्हणून अण्णा उठून गेले. मुख्य कार्यालयाच्या आदेशाने तिजोरीच्या दोन चाव्या याच दोघांकडे आहेत. रोज सकाळी ताई आपली चावी फिरवतात आणि चार पावले मागे सरतात. मग अण्णा येऊन आपली चावी फिरवतात. सहा फुटांवर बसलेल्या माणसाला निरोप देण्यासाठी शिपायाला हेलपाटे घालावे लागतात. मी दोघांना केबिनमध्ये बोलावून, आपण सगळे एका कुटुंबासारखे आहोत, झाले गेले विसरून जा, असे समजावले. दोघांनी माना डोलावल्या, पण फरक पडला नाही. दोघांपैकी एकाची बदली मागावी का?

उत्तर : बदली मागण्याची घाई करू नका. अण्णांच्या जागी उद्या दुसरे कोणी आले तरी सायंकाळचे पाच वाजायचे थांबणार नाहीत, व्हाउचर त्याच वेळी गठ्ठ्याने येत राहतील, आणि सहा महिन्यांत नव्या माणसाशीही ताईंचे वाजले की त्याच भांडखोर ठरतील.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. तुटीचे पाचशे रुपये ताईंनी पदरचे घातले. ज्या शाखेत रोख कमी भरली की रोखपालाने मुकाट्याने पाकीट उघडायचे अशी रीत पडलेली असते, तेथे उशिरा आलेले प्रत्येक व्हाउचर हा रोखपालाच्या पगाराला लागलेला घोर असतो. आता अण्णांच्या खुर्चीतून पाहा. मुख्य कार्यालयाचा फोन आला की त्यांना एकच प्रश्न विचारला जातो : थकबाकी किती खाली आली? आठवडे बाजार उरकून पावणेपाचला हप्ता घेऊन आलेल्या भाजीवाल्याला ‘उद्या या’ म्हणून परत पाठवले, तर उद्या ते पैसे त्याच्या खिशात असतील याची खात्री कोणी द्यावी? अण्णा हप्ता घेतात, व्हाउचर लिहितात आणि ते पाच वाजून गेल्यावर ताईंच्या टेबलावर पोचते. त्याच सुमारास पिग्मी एजंटही आपापल्या पिशव्या घेऊन खिडकीशी उभे असतात. म्हणजे दोघेही संस्थेचेच काम करीत आहेत, आणि दोघांना दोन वेगवेगळ्या गोष्टींसाठी जाब द्यावा लागतो. या दोन गोष्टी रोज सायंकाळी एकाच टेबलावर एकमेकींवर आदळतात. त्याला आपण ‘स्वभाव जुळत नाहीत’ असे नाव देऊन मोकळे होतो.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, फजितीने सांगतो. एका अभियांत्रिकी कारखान्यात कार्मिक विभागात असताना एका लेथवरून पहिल्या आणि दुसऱ्या पाळीच्या दोन कामगारांची सतत जुंपत असे. दुसऱ्या पाळीचा म्हणे, हा यंत्र घाण ठेवून जातो, लोखंडाचा कीससुद्धा उचलत नाही. पहिल्या पाळीचा म्हणे, हा जन्माचा किरकिऱ्या आहे. मी दोघांना बोलावले, एकोप्यावर चार शब्द ऐकवले, हातात हात द्यायला लावले, चहा पाजला आणि मोठी कामगिरी केल्याच्या समाधानात घरी गेलो. चौथ्या दिवशी दोघांत धक्काबुक्की झाली आणि माझ्याच सहीने दोघांना आरोपपत्रे गेली. पुढे एका जुन्या पर्यवेक्षकाने सहज बोलता बोलता सांगितले की, पाळी साडेतीनला सुटते आणि गावाकडची बस तीन पस्तीसला हलते. पाच मिनिटांत यंत्र पुसून, हात धुऊन, कार्ड पंच करून बस गाठणे कोणाच्याही बापाला जमले नसते. बस दहा मिनिटे उशिरा सोडण्याची व्यवस्था झाली. त्या दोघांची मैत्री काही शेवटपर्यंत झाली नाही, पण लेथवरून भांडणही पुन्हा झाले नाही.

म्हणून ‘कुटुंब’ हा शब्द काही दिवस बाजूला ठेवा. आपल्याकडे कुटुंबात माया असते तशी भाऊबंदकीही असते, आणि हातभर बांधासाठी सख्खे भाऊ पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, हे तालुक्याच्या गावी राहणाऱ्या तुम्हाला मी सांगायला नको. कार्यालयात माया असलीच पाहिजे असे नाही. कोणते काम कोणाचे आणि ते किती वाजेपर्यंत, एवढे ठरलेले असले तरी पुष्कळ असते.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. दोघांना पुन्हा एकत्र बोलावण्याआधी प्रत्येकाशी वेगळे बोला, आणि बोलताना ‘तुमचे त्यांच्याशी काय बिनसले?’ हा प्रश्न टाळा, कारण त्याचे उत्तर म्हणून तुम्हाला समोरच्याच्या स्वभावाचे वर्णन मिळेल आणि ते बावीस वर्षे मागे जाईल. त्या दिवशीची रोजकीर्द आणि व्हाउचरचा गठ्ठा समोर ठेवा आणि चारपासून साडेसहापर्यंत काय काय घडले ते क्रमाने विचारा. शेवटचा हप्ता किती वाजता आला, तो कोणी घेतला, व्हाउचर केव्हा पोचले, पिग्मीचा भरणा त्याआधी झाला की नंतर, संगणकावर दिवसअखेर कोणी आणि कधी केली. माणसाच्या स्वभावाबद्दल हातचे राखून किंवा पदरचे घालून बोलणारी माणसेही रोजकीर्द समोर असली की बरीच सरळ बोलतात, असा माझा अनुभव आहे. शक्य झाल्यास पुढचे दोन आठवडे प्रत्येक व्हाउचरवर वेळ लिहायला सांगा. अमक्याचे व्हाउचर उशिरा येते हे शोधण्यासाठी नव्हे, तर किती येतात आणि कोणत्या वारी येतात हे कळण्यासाठी. बाजाराच्या दिवशी ती जास्त निघाली तर मला नवल वाटणार नाही.

मग दोघांना एकत्र बसवा, आणि विषय एकच ठेवा : साडेचारनंतरची वसुली. त्या सायंकाळचा प्रसंग तुम्ही काढू नका; कोणी काढलाच तर ऐकून घ्या आणि विषयावर परत या.

मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विदुषीने १९२५ मध्ये दिलेल्या एका व्याख्यानात स्वतःच्याच बाबतीतला एक साधा प्रसंग सांगितला आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयातील एका लहान खोलीत बसलेल्या कोणाला खिडकी उघडी हवी होती आणि फॉलेटबाईंना ती बंद हवी होती. शेवटी शेजारच्या खोलीतील खिडकी उघडली, कारण तेथे कोणी बसलेले नव्हते. समोरच्याला खिडकी नको होती, मोकळी हवा हवी होती. फॉलेटबाईंनाही कोंडलेली खोली नको होती, उत्तरेचा वारा थेट अंगावर येऊ नये एवढेच हवे होते. खिडकी अर्धी उघडली असती तर दोघेही अर्धे नाराज राहिले असते. आपल्याकडे ‘तू थोडे सोड, तू थोडे सोड’ ही तडजोडीची रीत इतकी अंगवळणी पडलेली आहे की, शेजारच्या खोलीकडे पाहण्याचे आपल्याला सुचतच नाही.

तुमच्या शाखेतील शेजारची खोली कोणती, हे ते दोघेच नेमके सांगतील. मला दुरून दिसते ते असे. कर्ज विभागाच्या टेबलावर रोख स्वीकारली जात असेल, तर ती पद्धत आजच बंद करा. अण्णांनी कर्जदाराला थांबवावे, व्हाउचर लिहून द्यावे आणि पैसे त्या कर्जदाराने स्वतः खिडकीवर भरावेत, म्हणजे रोख आणि कागद यांची फारकत होणार नाही. पिग्मी एजंटांना भरण्याच्या वेळा वाटून द्या. सगळ्यांनी पाचच्या ठोक्याला यावे असा काही शास्त्रार्थ नाही. बाजाराच्या दिवशी खिडकी अर्धा तास जास्त उघडी ठेवायची असेल, तर ताईंना त्याची भरपाई दुसऱ्या कोणत्या दिवशी द्यायची तेही ठरवा.

तुटीचा नियम मात्र तुम्ही मुख्य कार्यालयाकडून लेखी घेतला पाहिजे. तूट आली की ती प्रथम जशीच्या तशी नोंदवावी, कारण शोधावे आणि मगच जबाबदारी ठरवावी. रोखपालाने गुपचूप पैसे घातले की हिशेब जुळतो खरा, पण चूक सापडण्याची वाट त्याच क्षणी बुजते. कर्मचाऱ्याच्या ताब्यातील रोख गहाळ झाल्याबद्दल पगारातून कपात करायची असेल, तर तो तोटा त्याच्या हयगयीमुळे झालेला असला पाहिजे आणि कपातीपूर्वी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे, ही तरतूद १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यापासून चालत आलेली आहे. ताईंकडून पगारातून कापून घेतले नाही, त्यांनी आपणहून घातले, असे कोणी म्हणेल; पण आपणहून घालण्याचीही एक सक्ती असते, हे नोकरी केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

राहिला तो सर्वांसमक्ष लागलेल्या शब्दांचा प्रश्न. माफी मागायला कोणालाच लावू नका. लावून मागितलेली माफी ऐकणाऱ्यापेक्षा मागणाऱ्याच्या अधिक लक्षात राहते. त्या सायंकाळी तुम्ही कोठे होता, हे तुमच्या पत्रात नाही. शाखेत असाल तर त्याच वेळी ‘तूट मी पाहतो’ एवढे वाक्य तुम्ही बोलायला हवे होते. नसाल तरी रोख बंद करण्याची वेळ ठरवून देणे हे शाखाधिकाऱ्याचे काम होते आणि ते झालेले नव्हते. नवीन व्यवस्था सगळ्यांना सांगाल तेव्हा हे स्वतःच्या तोंडाने कबूल करा. दोष साहेबांनी स्वतःकडे घेतला की ज्यांना बोलायला सुरुवात करायची आहे पण आधी कोणी करायची हे ठरत नाही, अशा दोघांना एकदम वाट मिळते. बावीस वर्षांचा मान दुखावलेल्या माणसाला ही वाट विशेष लागते.

शिपायाचे हेलपाटे मात्र उद्यापासून बंद करा. निरोप लिहून द्यावा किंवा स्वतः द्यावा. चार महिने दोन्हीकडचे निरोप वाहणारा माणूस पाचव्या महिन्यात त्यात आपल्या पदरचा मसाला घालू लागतो, आणि त्यात त्याचा फारसा दोषही नसतो.

एवढे करूनही तीन-चार महिन्यांत काहीच सुधारले नाही, तर बदलीचा विचार करा. तेव्हा तो न्याय्य ठरेल.

प्रश्न : मी हिंजवडीत एका संगणक कंपनीत नऊ जणांच्या गटाची प्रमुख आहे. माझे वय २९ आहे. गटात एक ज्येष्ठ सहकारी ४४ वर्षांचे आहेत. त्यांना मी ‘सर’ म्हणते, ते मला सगळ्यांसमोर ‘अगं’ म्हणतात. माझ्या कामातील चुका ते थेट व्हॉट्सॲप गटावर टाकतात. गेल्या आठवड्यात मीही त्यांना गटावरच सडेतोड उत्तर दिले. आता गटात दोन तट पडले आहेत. त्यांच्या चुका बहुतेक वेळा खऱ्या असतात, म्हणजे त्यांनी दाखवलेल्या. मी काय करावे?

उत्तर : शेवटचे वाक्य तुम्ही लिहिले आहे, त्यावरून निम्मे काम झाले आहे असे मी समजतो.

व्हॉट्सॲप गट ही चाळीची गॅलरी आहे. तेथे खालच्या आवाजात बोलता येत नाही, आणि माणसे जमलेली असताना माघार घेणे कोणालाच जमत नाही. घरात जे दोन वाक्यांत मिटले असते, ते गॅलरीत आठवडाभर चालते. तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे गटावर आता स्पष्टीकरण, खुलासा, हसरे चिन्ह, काहीच टाकू नका. त्यांना फोनही न करता प्रत्यक्ष भेटा, आणि ‘तुम्ही दाखवलेली चूक बरोबर होती, गटावर मी तसे उत्तर द्यायला नको होते’ या वाक्याने सुरुवात करा. ते खरे आहे म्हणून ते जड जाणार नाही. त्यानंतर तुमचे मागणे मांडा : चूक दिसली की आधी मला सांगा.

परंतु नुसते मागणे पुरणार नाही. चुका हेरण्याची चांगली नजर असलेल्या माणसाला ती वापरण्याची अधिकृत जागा नसली की तो मिळेल त्या जागी ती वापरतो. त्यांना तशी जागा द्या. काम ग्राहकाकडे जाण्यापूर्वीची शेवटची तपासणी त्यांच्या नावाने ठेवा, तिच्यासाठी वेळापत्रकात खरोखरीचे तास राखून ठेवा, आणि त्यांनी पकडलेल्या चुकांचा उल्लेख त्यांच्या वार्षिक मूल्यमापनात करा. हे त्यांना खूश करण्यासाठी नाही. तुमच्या गटाला त्या नजरेची गरज आहे, हे तुमच्याच पत्रातून दिसते.

‘अगं’चा प्रश्न क्षुल्लक नाही. मराठीत माणूस कोणत्या पायरीवर उभा आहे हे क्रियापदातच कळते, आणि बैठकीत एकीकडून ‘अहो सर’ आणि दुसरीकडून ‘अगं’ असे चालले की गटप्रमुख कोण, हे नव्याने आलेल्या मुलाला कळत नाही. त्याच भेटीत, पण शेवटी, त्यांना सांगा की बैठकीत ‘तुम्ही’ म्हणा, कॅन्टीनमध्ये ‘अगं’ चालेल. वयाने मोठा माणूस असे स्पष्ट पण आदराने मागितलेले बहुधा नाकारत नाही. नाकारलेच, तर तुम्हीही त्यांना बैठकीत नावापुढे ‘जी’ किंवा ‘राव’ लावून हाक मारा आणि ‘सर’ सोडून द्या. वरिष्ठांना मेल पाठवण्याची पायरी यानंतरची आहे. आज पाठवलीत तर दोन तटांना कागद मिळेल.

प्रश्न : मी विदर्भात एका व्यापारी पेढीच्या कार्यालयात लेखनिक आहे. आम्ही एकूण आठ जण आहोत. व्यवस्थापक कामाच्या निमित्ताने मला एकटीला उशिरापर्यंत थांबवतात, अंगचटीला येतात, कपड्यांवरून बोलतात. मालकांना सांगितले तर ते म्हणाले, तुमच्या दोघांत गैरसमज झाला आहे, बसून मिटवून घ्या, कार्यालयात वाद नको. माझे काही चुकते आहे का?

उत्तर : तुमचे काहीही चुकत नाही. हा वाद नाही आणि गैरसमजही नाही. वर जे काही लिहिले आहे, खिडकी, वेळापत्रक, आधी एकट्याने भेटणे, त्यातील एक अक्षरही तुम्हाला लागू नाही. व्यवस्थापकांना एकटीने भेटायला जाऊ नका.

कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखण्यासाठी २०१३ मध्ये झालेला कायदा तुमच्या आठ जणांच्या कार्यालयालाही लागू आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे मालकाला अंतर्गत समिती नेमावी लागते. दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची असते. तुमच्या जिल्ह्याच्या समितीचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळेल. तक्रार लेखी हवी, आणि ती शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांच्या आत करावी. उशिराचे कारण पटले तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण करण्याचे बंधन आहे. चौकशी चालू असताना तुम्ही लेखी विनंती केल्यास तुमची किंवा त्यांची बदली, अथवा तुम्हाला तीन महिन्यांपर्यंत रजा, अशी शिफारस समिती करू शकते.

मालकांच्या ‘मिटवून घ्या’बद्दल कायदा अगदी स्पष्ट आहे. समेट तक्रारदार महिलेने स्वतः मागितला तरच करता येतो, आणि पैसे हा त्याचा आधार असू शकत नाही. म्हणजे मिटवायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार तुमचा आहे, मालकांचा नाही. आज रात्रीच एका वहीत तारीख, वेळ, जागा, शब्द आणि त्या वेळी आसपास कोण होते ते लिहून काढा, आलेले संदेश जपून ठेवा आणि वही घरी ठेवा, कार्यालयात नको. अंगाला हात लावण्याचे प्रकार घडले असतील तर पोलिसांत तक्रार करण्याचा मार्गही खुला आहे, त्यासाठी समितीच्या निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

प्रश्न : माझ्या दोन सहकाऱ्यांचे आपसांत पटत नाही. दोघेही चांगले आहेत, आणि दोघेही चहाच्या वेळी मला एकमेकांबद्दल सांगत बसतात. मला दोघांशीही संबंध बिघडवायचे नाहीत. काय करू?

उत्तर : ‘हे तुम्ही त्यांना सांगितले का?’ एवढेच विचारत जा, प्रत्येक वेळी आणि त्याच शांत आवाजात. तिसऱ्या-चौथ्या वेळी ते सांगणे कमी होईल, कारण ऐकणारा असला की गाऱ्हाणे वाढते आणि प्रश्न विचारणारा असला की आटते. एकाचे दुसऱ्याकडे नेऊ नका, चांगले असले तरी नेऊ नका. तुमच्या तोंडून गेलेल्या कौतुकालाही टोमण्याचा वास येऊ शकतो. आणि पुढच्या वेळी एक चहाला चला म्हणाला, की वाटेत दुसऱ्याच्या टेबलाशी थांबून त्यालाही हाक मारा. बिल तुम्ही द्या.